कासवाला आत जाता आलं पाहिजे

कासवाची पाठ करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. मोठ्या खोक्याचा पुठ्ठा लंबगोल कापला, कडेने चार चिरा दिल्या आणि प्रत्येक चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर सरकवून चिकटवल्या. सपाट पुठ्ठ्याला छान घुमट आला. त्यावर हिरव्या कागदाचे षटकोन लावले, मधल्या फटींतून तपकिरी रेघा ओढल्या आणि आतून दप्तरासारखे दोन पट्टे बसवले. रात्री साडेअकराला मी ती पाठ भिंतीला टेकवून ठेवली आणि लांबून बघत बसलो. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सकाळी लेकीने ती पाठ चढवली आणि दोन पावलं टाकली. खाली बसायला गेली तर पुठ्ठ्याचं खालचं टोक जमिनीला टेकलं आणि वरचं टोक तिच्या डोक्यावर आलं. मग पाठ दिसते का बघायला तिने मान वळवली. दिसेना म्हणून ती जागच्या जागी फिरली. पाठही तिच्याबरोबर फिरली. शेवटी ती काढून तिने समोर ठेवली आणि विचारलं, "बाबा, याच्यात आत कसं जायचं?"

मी म्हणालो, कासव आत जात नाही गं, कवच त्याच्या अंगालाच असतं. ते खरंही आहे. कासवाचं कवच म्हणजे त्याच्याच बरगड्या आणि कणा, रुंद होऊन एकमेकांना जुळलेला. पण साडेचार वर्षांच्या माणसाला त्याचं काय? "पण डोकं आत घेतं ना?" ती म्हणाली. डोकं आत घेता येणार नसेल तर कासव व्हायचं कशाला, हा तिचा मुद्दा होता, आणि तो बिनतोड होता.

दुपारी मी जेवून येतो तर ती माझा जुना, टोपीवाला स्वेटशर्ट घालून बसलेली. पाठीकडून आत एक उशी कोंबली होती. गुडघे पोटाशी घेऊन शर्टाच्या आत, हात बाह्यांतून काढून आत, टोपी नाकापर्यंत ओढलेली. जमिनीवर फक्त एक गाठोडं दिसत होतं. मी जवळ गेल्यावर त्यातून हळूच एक हात बाहेर आला, मग दुसरा, मग डोकं. मी पाऊल आपटलं की सगळं परत आत. हा खेळ चाळीस मिनिटं चालला. माझी तीन संध्याकाळींची कमाई तोवर बाहुलीचं छप्पर झाली होती.

मला शिवता येत नाही, आणि आमच्या घरात ही कबुली जरा जड जाते, कारण माझी आई उत्तम शिवते. तिने मारलेली टीप उलट्या बाजूनेही सुलट बाजूसारखी दिसते. लहानपणी मी तिच्या मशीनखाली बसून पायडल हाताने हलवायचो आणि ओरडा खायचो. शिवणकामाशी माझा संबंध आला तो एवढाच. त्यामुळे लेकीचं "मला आज अमुक व्हायचंय" सुरू झालं तेव्हा मी गाठी, इलॅस्टिक, गोंद आणि चिकटपट्टी यांच्या आश्रयाला गेलो तो निव्वळ नाइलाजाने. खरा पोशाख शिवलेलाच, आपलं काय ते वेळ मारून नेणं, हे मनात पक्कं होतं. म्हणून तर पुठ्ठ्यावरचे षटकोन मी पट्टी लावून आखले होते. टाका येत नाही, निदान रेघ तरी सरळ यावी!

कासवानंतर एक साधी गोष्ट लक्षात आली. पोशाख घातलेल्या मुलाला तो पोशाख दिसतच नाही. आरशापुढचा एखादा मिनिट सोडला तर तो दिसतो आपल्याला, म्हणजे समोर बसून फोटो काढणाऱ्यांना. मुलाला तो टोचतो, ओढतो, फडफडतो, जड लागतो, मागून येऊन पोटरीवर आपटतो. बारीक टाके, जुळलेल्या रेघा, रंगसंगती हे सगळं बघणाऱ्याचं कौतुक. आत असलेल्या माणसाची मागणी निराळी असते, आणि ती पुरी करायला सुई लागतेच असं नाही.

शेपटीचंच बघा. पहिली शेपूट मी लांब पायमोज्याचा एक पाय कापून त्यात कापूस भरून केली होती. दिसायला झकास, पण हलकी. चालताना नुसती चिंधीसारखी लोंबायची. लेकीने दोनदा मागे हात नेऊन ती आहे ना याची खात्री केली आणि मग विसरून गेली. दुसऱ्या वेळी मी वरचा भाग रिकामाच ठेवला आणि फक्त टोकाला मोज्यांचे दोन घट्ट गोळे कोंबून खाली गाठ मारली. वरचं तोंड कमरेच्या रुंद इलॅस्टिकला बांधलं. आता सगळं वजन टोकाला, म्हणजे शेपटीचा लंबक झाला. ती गर्रकन वळली की शेपूट क्षणभर मागे राहायची आणि मग येऊन दुसऱ्या पायावर थापकन बसायची. त्या थापेने तिचा चेहरा असा उजळला की विचारू नका. ती वळत राहिली. शेपटीला रंग नव्हता, केस नव्हते. एका गोळ्यातून करड्या मोज्याची टाच चक्क बाहेर डोकावत होती. पण आपल्या मागे काहीतरी आहे आणि ते आपलं ऐकतंय, हे तिला प्रत्येक पावलाला कळत होतं. त्या दिवसात ती मांजर झाली, माकड झाली आणि संध्याकाळी असा एक प्राणी झाली, ज्याचं नाव मला सांगायची तिला परवानगी नव्हती.

तेव्हापासून मी पोशाख करताना आधी विचारतो की याने काय हललं पाहिजे, कशाचा आवाज आला पाहिजे, कुठे लपता आलं पाहिजे. दिसण्याचा विचार शेवटी, वेळ उरला तर.

कापड मात्र ओळखावं लागतं. न शिवता करायचं म्हणजे कापलेली कड तशीच राहणार, आणि प्रत्येक कापड ते सारखं सहन करत नाही. चादर, उशीचा अभ्रा, सदरा हे मागावरचं कापड. त्यातले उभे-आडवे धागे एकमेकांच्या खालून-वरून गेलेले असतात, एवढाच त्यांचा आधार. कापलं की कडेचा धागा मोकळा सुटतो आणि दशा निघायला लागतात. टीशर्टची होजियरी म्हणजे बारीक विणीचं स्वेटरच, फासात फास अडकवलेला. ती कापली तर दशा निघत नाहीत, कड फक्त गुंडाळली जाते. दोन बोटं रुंद पट्टी कापून दोन्ही टोकांनी जोरात ताणा, ती स्वतःभोवती वळून गोल दोरीच होते. एका जुन्या टीशर्टातून कमरपट्टा, घोड्याची आयाळ आणि जादूगाराची दाढी असं सगळं निघतं. फेल्ट तर विणलेलंच नसतं. त्यात तंतू नुसते एकमेकांत गच्च गुंतलेले असतात, म्हणून कान, मुकुट, मुखवटे यांना ते सगळ्यात सोपं. नेटच्या जाळीलाही दशा नाहीत. तिच्या लांब पट्ट्या मधोमध दुमडून इलॅस्टिकला फास टाकून अडकवत गेलं की अर्ध्या तासात घेरदार झगा होतो, आणि फास टाकायचं काम पोरंच हौसेने करतात.

सुती चादरीची एक गंमत वेगळीच. कडेला कात्रीने बोटभर चीर द्या आणि दोन्ही हातांनी ओढा. ती धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जाते, कुठल्याही कात्रीपेक्षा सरळ. तो टरर्र आवाज आमच्याकडे इतका आवडता झालाय की जुन्या चादरी लपवून ठेवाव्या लागतात.

माझी सगळ्यात यशस्वी वस्तू म्हणजे टीशर्टचा झगा, उडणाऱ्या माणसांच्या पाठीवर असतो तसला. माझ्या मापाचा टीशर्ट छातीकडची बाजू वर करून पसरायचा. गळपट्टी सोडून तिच्या खालून पुढची बाजू कापून टाकायची, बाह्या काढायच्या आणि पाठीचा भाग गळ्यापासून खालपर्यंत तिरका उतरवायचा. राहते ती गळपट्टीची कडी आणि तिला लोंबणारी पाठ. पाच मिनिटांचं काम. कापड पातळ असल्यामुळे जरा पळलं तरी मागे फुगतं. लेक तो घालून घरभर पळाली आणि बेडरूमच्या दारातून जाताना झग्याचं टोक दाराच्या मुठीत अडकलं.

काही झालं नाही. होजियरी ताणली गेली, ती मागे खेचली गेली आणि धपकन बसली. रडलीसुद्धा नाही. पण गळ्यावर बोटभर रुंद लाल वळ उठला, आणि तो संध्याकाळपर्यंत मला दिसत राहिला. वास्तविक ही गोष्ट मला आधीच कळायला हवी होती. युरोपात मुलांच्या कपड्यांतल्या नाड्यांसाठी ईएन १४६८२ नावाचं मानक आहे आणि त्यात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीशी किंवा गळ्याशी ओढायची नाडी चालतच नाही. घसरगुंडीत, दारात, गाडीच्या चाकात ती अडकते आणि सुटत नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे गळ्याभोवती गाठ नाही, पिन नाही, अखंड कडी नाही. ती गळपट्टी मी पुढून कापली आणि दोन टोकांना कापडाच्या गोंदाने वेल्क्रोचे छोटे तुकडे लावले. जोराचा हिसका बसला की ते आपोआप सुटतात. गोंद चोवीस तास हात न लावता सुकू दिला तर टिकतो. पाठीमागे गोंद असलेलं तयार वेल्क्रो कापडावर दोन दिवसही राहत नाही, हेही करून पाहिलंय. आणि गंमत अशी की झगा काढताना होणारी वेल्क्रोची खर्रर्र हाच आता पोशाखाचा मुख्य भाग आहे. उडणारा माणूस जमिनीवर उतरला, की खर्रर्र.

गळ्यावरून दुसरी फजिती आठवली. उशीच्या अभ्र्याचा अंगरखा करायचा होता. बंद बाजूला मधे डोक्यासाठी भोक, दोन्ही कडांना हातांसाठी चिरा, संपलं. मी जेवणाचं ताट उपडं ठेवून पेन्सिल फिरवली, निम्मा गोल पुढे आणि निम्मा मागे येईल असा, आणि कापलं. अंगरखा लेकीच्या डोक्यातून गेला, खांद्यांवरून गेला आणि सरळ पायाशी जाऊन पडला. हसून हसून ती आडवी झाली. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, गळा आधी लहान बेतावा. लहानाचा मोठा करता येतो." मग हिशोब मांडला. या वयाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० सेंटीमीटर. वर्तुळच कापायचं तर ८ सेंटीमीटर त्रिज्येत घेर तेवढाच येतो, जरा सैल हवा म्हणून साडेआठ धरा. माझ्या ताटाची त्रिज्या होती १२, म्हणजे घेर ७५ झाला. त्यापेक्षा खांद्याच्या रेषेत २६ सेंटीमीटरची सरळ चीर द्यावी, तीच उघडून ५२ होते, आणि तिची टोकं पुढे फाटू नयेत म्हणून तिथे आतून कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावावा. बिघडलेला अभ्रा वाया गेला नाही. त्या मोठ्या भोकाच्या कडेने तीन-तीन सेंटीमीटरवर बारीक चिरा दिल्या, त्यांतून टीशर्टची दोरी आत-बाहेर ओवली आणि कमरेवर आवळली. नेफ्याशिवाय नाडीचा स्कर्ट झाला. गळा चुकला की स्कर्ट, हे मी आता बिनधास्त सांगतो.

मोठ्यांना या सगळ्याचा उपयोग काय असं वाटतं, तेव्हा मला एक प्रयोग आठवतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना संगणकावर एक कंटाळवाणं काम दहा मिनिटं करायला दिलं होतं. मधेच उठून शेजारच्या पडद्यावर खेळ खेळायची मुभा होती. काहींना सांगितलं होतं, स्वतःचा विचार 'मी' म्हणून करा; काहींना, स्वतःचा विचार आपल्या नावाने करा; आणि काहींना, तुम्ही आता तुमचं आवडतं कष्टाळू पात्र आहात. या तिसऱ्या गटातली मुलं सगळ्यात जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. मला त्यातला एक बारीक तपशील आवडतो: त्या मुलांना पात्राची एखादी वस्तू अंगावर घालायला दिली होती. पूर्ण पोशाख नव्हे, एखादी वस्तू.

अर्थात मी लेकीला कामाला जुंपायला झगा घालत नाही. (दात घासायच्या वेळी एकदोनदा घातलाय, हे कबूल.)

मागच्या महिन्यात आई राहायला आली. लेकीने तिला आपलं सगळं भांडार दाखवलं. त्यात फाडलेल्या चादरीचे दोन लांब तुकडे होते, खांद्यापासून मनगटापर्यंत कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावायचे पंख. दोन्हींच्या कडांना वीतभर दशा सुटलेल्या. आईने एक पंख उचलला, अंगठ्याने कड चाचपली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पोरीला न विंचरता बाहेर पाठवलं होतं. "कडा अशाच सोडल्यास?"

मी तिला ऐकवलं की शिवणाशिवायही माणसं राजेशाही दिसलेली आहेत. प्राचीन ग्रीसमधल्या बायका एक आयताकृती कापड दुमडून दोन्ही खांद्यांवर पिना लावायच्या, झाला पोशाख. रोममधला टोगा म्हणजे तर नुसतं गुंडाळलेलं लोकरी कापड. आईने ऐकून घेतलं. "त्यांच्या आया नव्हत्या बघायला," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तेव्हा एका पंखाची कड दुमडून त्यावर टीप मारलेली होती. सुंदर टीप. लेक तो पंख घेऊन कोपऱ्यात बसली होती आणि कडेवरून बोट फिरवत होती. पुढून मागे, मग मागून पुढे.

"काय झालं गं?"

"आजीने पिसं कापली."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला ते ऐकू गेलं. ती काहीच बोलली नाही. ज्या दशांना आम्ही दोघं शिवणातली उणीव समजत होतो, एक जण लाजून आणि एक जण रागावून, ती पिसं होती. हात हलवले की मनगटापाशी गुदगुल्या करणारी. लेकीने आम्हाला ते सांगितलं नव्हतं, कारण तिच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काय होतं? पंखाला पिसं असणारच.

रात्री जेवणं झाल्यावर आईने चष्मा लावला आणि डब्यातून सुई काढली. मला वाटलं, दुसऱ्या पंखाचीही आता धडगत नाही. पण तिने शिवलेली टीप एक-एक टाका करून उसवली, दुमड उलगडली, इस्त्रीची घडी नखाने मोडली आणि कडेचे आडवे धागे सुईच्या टोकाने एकेक उचलून बाहेर ओढायला लागली. धागा काढायचा, खाली सोडायचा, पुढचा उचलायचा. उभे धागे मोकळे होत गेले. माझ्या पंखाच्या दशा जिथे जशा सुटल्या तशा सुटल्या होत्या. तिच्या मात्र एकसारख्या चार बोटं लांब आल्या, दाट आणि मऊ. साठ वर्षं धागा कापडात घालणारा हात धागा काढतानाही तेवढाच सफाईदार चालत होता. लेक तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून बघत होती. "अजून मोठी," ती म्हणाली. आईने आणखी चार धागे ओढले.

आई परत घरी गेली त्याच्या आदल्या दिवशी मोठी चादर तंबू झाली होती, मग समुद्र आणि शेवटी राणीचा पायघोळ शेला. शेला कमरेला बांधायचा म्हणून लेकीने चादरीच्या एका टोकाला स्वतः गाठ मारली. मी तिला सुरगाठ शिकवली होती, ओढली की सुटणारी. पण घाईत पडली ती निरगाठ, आणि वर दिवसभर ती तिने ओढून ओढून आवळली. चादर धुवायला टाकताना मी नखांनी प्रयत्न केला, मग काट्याच्या टोकाने. धुतल्यावर तर ती आणखी घट्ट झाली. कात्री आणायला उठलो तर लेकीने चादरच ओढून घेतली.

आता ती चादर आमच्याच पलंगावर आहे. गाठ पायाकडे येते. अंधारात पाय लांब केला की अंगठ्याला लागते, लिंबाएवढी, कडक. मी दोन-तीनदा ती तिकडे ढकलतो आणि ती परत येते.